रुसव्याचा रेडिओ

बेंबळीत उत्तरेश्वर नावाची माणसं कमी नाहीत. तेरच्या देवाला नवस बोलला आणि पोरगं झालं की त्याचं नाव उत्तरेश्वर, मग ते पुढं चोर निघो नाहीतर साधू. पण त्यातला वायरलेस आप्पा म्हणलं की माणूस एकच. बाजारपट्टीच्या टोकाला पत्र्याच्या दुकानात मांडी ठोकून बसलेला, नाकावर दोऱ्यानं बांधलेला चष्मा, आणि पुढ्यात पोट फाडून ठेवलेला एखादा ग्रामोफोन.

घर शेतकऱ्याचं. निजामाच्या अमलात चुलत्यासंगं भांडून पोरगं हैदराबादला पळालं आणि एका उस्तादाच्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात झाडलोट करायला राहिलं. झाडता झाडता शिकलं. रझाकारांची धामधूम संपली, राज्य बदललं, तसा तो हत्यारांची एक पेटी, बरी उर्दू आणि दुनियेतल्या दर चिजेवर एकेक मत घेऊन गावाकडं परतला. पेटीचा गावाला उपयोग झाला. बत्त्या, टॉर्चा, लग्नातले भोंगे, सगळं त्याच्याच दुकानात यायचं. मतांचा उपयोग कुणाला नव्हता, पण ती फुकट होती आणि चहाबरोबर खपायची.

पुढं सरकारनं चावडीला रेडिओ दिला आणि आप्पाच्या मतांना घर मिळालं.

चावडीच्या कट्ट्यावर कडुलिंबाच्या दोन फांद्यांना तार ताणून आप्पानं तो रेडिओ बसवला. दिवेलागणीला माणसं धोतराचा सोगा सावरून बसायची. नियम एकच होता. रेडिओचा कान पिळायचा तो आप्पानं. पाटलानं हात लावला तरी आप्पा म्हणायचा, "पाटील, तुमच्या बैलाची येसण म्या धरतो का?" पाटील हसून हात मागं घ्यायचा. आप्पा डोळे मिटून ते बटण असं फिरवायचा की जसं काही नाडी बघतोय. खरखर, शिट्टी, हैदराबादची उर्दू, कुठलं तरी कानडी, आणि मग एकदम स्वच्छ, समोर बसून बोलावं तसा आवाज. तेवढ्यासाठी माणसं त्याची बडबड सोसायची.

आणि बडबड काय थोडी होती? पुण्याची बाई रेडिओवर "पाऊस संभवतो" म्हणाली की आप्पा बसल्या जागी उखडायचा. संभवतो म्हंजी काय? येतो का न्हाय ते सांग की. शेतकऱ्यांच्या कार्यक्रमात ऊस कसा लावावा ते सांगायचे, तर तो म्हणायचा, हे कालव्याखालच्या लोकांचं. आपल्या ज्वारीला इचारणारा अजून पैदा व्हायचाय. सोलापूरचा पेपर दुपारच्या एसटीनं यायचा, त्याला तो कालचं शिळं कालवण म्हणायचा. कोलंबोची, म्हणजे रेडिओ सिलोनची, गाणी लागली की जवान पोरं पुढं सरकायची, तर आप्पा त्यांना समजावून सांगायचा की लेकांनो, गाणं म्हंजी गळाचं गांडूळ. गळ पुढं हाय. आत्ता बघा, साबण येतोय. आणि खरंच साबण यायचा. पोरं हसायची, पण पुढच्या बाजारात तोच साबण मागायची.

सगळ्यात तिखट मत बॅटरीचं. चावडीच्या रेडिओला विटेएवढी जड बॅटरी लागायची. ती उतरली की नवीन येईपर्यंत रेडिओ मुका. आप्पा म्हणायचा, ह्या कंपन्या लई बेरकी. रेडिओ एकदाच इकायचा आन बॅटरी जलमभर इकायची. एकदा का घरात घेतला की तुमी त्येचे गडी झाला.

चीनच्या लढाईत मात्र कुणी हसलं नाही. सगळं गाव कट्ट्यावर लोटायचं, बाया भिंतीआड उभ्या राहायच्या, लेकरं मांडीवर निजायची. आप्पा बटणाला हात लावून बसायचा. बातमी संपली की कुणीच लगेच उठत नसे. गाव असं एका जागी गप्प बसलेलं त्याआधी कुणी बघितलं नव्हतं, आणि त्यानंतरही नाही. तिथंच आप्पाच्या डोक्यात पक्कं बसलं की रेडिओ ही चार माणसांत ऐकायची चीज आहे. विहीर जशी गावाची असते तसा.

त्यानंतर एक-दोन सालांतच ट्रान्झिस्टर आला.

आधी तो पलटणीतून सुट्टीवर आलेल्या एकाच्या खांद्यावर आला. चामड्याचं कव्हर, त्याला भोकं, खांद्याला पट्टा. तार नको, फांदी नको, आप्पा नको. तो गडी बाजारातून गाणं वाजवत चालला की माणसं मान वळवून बघायची, गाण्याकडं नाही, त्याच्याकडं. आप्पानं तो हातात घेऊन कानाला लावला, उलटा केला, पाठ उघडून बघितली, आणि निकाल दिला. मडक्यात कोंडलेला भुंगा. आवाजाला छाती न्हाय. उन्हात सेल फुगत्यात, पाणी सोडत्यात, आतलं समदं सडतंय. आणि शेवटी म्हणाला, "घरटी एकेक झाला म्हंजी गावात जेवढी घरं तेवढी गावं व्हतील. ज्यो त्यो आपलं डबडं कानाला लावून बसंल. शेजारी मेला तरी कळायचं न्हाय."

खरं म्हणजे त्याचं यातलं एकही मत चूक नव्हतं. तेच वाईट झालं.

आप्पाला लेक एकच, नीला. घराण्यात सिताबाई, प्रेमाबाई अशी नावं, पण ही जन्मली तेव्हा आप्पाच्या कानात रेडिओवर ऐकलेलं हे नाव बसलं होतं. बायको द्वारकाबाई म्हणाली, लोक हसतील. हसले. पण नाव राहिलं. पोरगी शांत, कामाची, रंगानं सावळी. तिच्या मामानं, म्हणजे द्वारकाबाईचा भाऊ दगडोबा, त्यानं लोहाऱ्याकडचं स्थळ आणलं. आण्णासाहेब म्हणून मोठे जमीनदार. त्यांचा धाकटा महारुद्र. चार बैलबारदान, विहीर, माळवद. आप्पासारख्या दुकानवाल्याला असलं घर मिळणं म्हणजे नशीब, असं सगळी सोयरीक म्हणाली.

देण्याघेण्याचं मागंपुढं होऊन मिटलं. राहिला रुसवा.

आमच्याकडं लग्नाच्या पंगतीत नवरदेव रुसतो. ताट वाढून पुढं येतं, सगळे थांबतात, आणि नवरदेव ताटाला हात लावत नाही. मग सासऱ्यानं पुढं व्हायचं, काय पायजे जावाईबापू म्हणून विचारायचं, आणि त्याच्या हातात काहीतरी ठेवायचं. मग तो हसतो, घास घेतो, आणि मांडव जेवतो. पूर्वी तांब्या, अंगठी, फार तर सायकल. काय द्यायचं ते दोन्हीकडं आधीच ठाऊक असतं. तरी दस्तूर असतो, लोकांनी बघायचं असतं.

दगडोबानं लोहाऱ्याहून येऊन स्पष्ट सांगितलं की पोराचा जीव ट्रान्झिस्टरवर आहे. चामड्याच्या कव्हराचा. त्याच्या आत्याच्या पोराकडं आहे तसला.

आप्पा म्हणाला, "त्ये डबडं म्या माझ्या जावायाला देऊ? माझी इज्जत काय?"

दगडोबा म्हणाला की आवो, तुमाला थोडाच ऐकायचाय. पण आप्पानं मनात ठरवलं होतं. आपल्या हातानं रेडिओ बांधायचा. असा की उस्तादानं बघितला असता तर पाठ थोपटली असती. तो पूर्ण हिवाळा त्यानं दुकानात त्यातच घातला. हैदराबादहून काचेचे व्हॉल्व आणले, सुताराकडून सागवानी पेटी करून घेतली, पुढं जरीचं कापड ताणलं, आणि आत एवढा मोठा भोंगा बसवला की बोलणाऱ्याच्या श्वासाचा आवाज ऐकू यावा. नीला भाकर घेऊन दुकानात यायची तेव्हा तो तिला ऐकवायचा. एकदा ती ऐकत उभी राहिली आणि हळूच म्हणाली, "आप्पा, मामा म्हनत व्हता त्येना ल्हान पायजे."

आप्पा म्हणाला, "ल्हान काय मोठं काय, कान असलेला मानूस ह्योच घील."

तिनं भाकरीचं फडकं गुंडाळलं. दगडोबानं लोहाऱ्याला काही कळवलं नाही. त्याला वाटलं, लग्नात सगळं खपून जातं.

गोरज मुहूर्तावर अक्षता पडल्या. पंगत बसली, बत्त्या लागल्या. ताटं वाढून झाली. महारुद्र मुंडावळ्या मागं टाकून मान वळवून बसला. शेजारी त्याच्या आत्याचं पोरगं, खांद्याला ट्रान्झिस्टर. त्यानं कव्हरावरून हात फिरवत म्हणलं, आमचा नवरदेव रुसला बगा. हशा झाला. सगळे आप्पाकडं बघायला लागले.

आप्पानं रातीचा दिवस करून बांधलेली पेटी दोन गड्यांनी उचलून आणली. त्यानं मांडवाच्या दोन बांबूंना सकाळीच तार ताणून ठेवली होती. ती जोडली, बॅटरी जोडली, बटण फिरवलं, आणि हात जोडून उभा राहिला.

काही झालं नाही. व्हॉल्व तापायला वेळ घेतात. आप्पाला ते माहीत होतं, म्हणून तो निवांत होता. पण मांडवाला माहीत नव्हतं. भात निवायला लागला. कुणीतरी खोकलं. मागून एक आवाज आला, "गाभण हाय का काय?" आणि मग तो रेडिओ बोलला. आवाज खरंच असा आला की बत्तीखालच्या म्हाताऱ्यांनी माना वर केल्या. भरदार, खर्जातला, मांडवाच्या टोकापर्यंत. पण वेळ शेतकऱ्यांच्या कार्यक्रमाची होती. कुणी तज्ज्ञ शेणखताचा खड्डा किती खोल असावा ते सांगत होते.

मांडव फुटेस्तोवर हसला. बायाही हसल्या. महारुद्रनं पेटीकडं बघितलं, आप्पाकडं बघितलं, आणि विचारलं, "ह्ये गळ्यात कसं आडकवायचं?"

आत्याचं पोरगं म्हणालं, "बैलाच्या आडकीव."

तिथं आप्पा हसून दोन शब्द बोलला असता, उद्या दुसरा देतो म्हणला असता, तरी भागलं असतं. नवरीकडच्यानं त्या वेळी वाकायचं असतं, हे गावातल्या शेंबड्या पोराला ठाऊक. पण कुणीतरी आवाजाबद्दल बोललं की आप्पाला समोर माणूस दिसत नसे. त्यानं पंगतीला उभ्यानं समजावून सांगायला घेतलं. व्हॉल्व म्हणजे काय, भोंग्याची छाती म्हणजे काय. आणि त्या पोराच्या खांद्याकडं बोट करून म्हणाला की ते तर मडक्यातला भुंगा हाय, चार म्हैन्यांत सडंल. पोरगं लाल झालं. महारुद्रचा चेहरा उतरला. ज्या चिजेसाठी तो हिवाळाभर जळत होता, ती चारचौघांत कचरा ठरली होती, आणि मागणारा खुळा.

आण्णासाहेब एवढा वेळ बोलले नव्हते. ते ताटात बघत म्हणाले, "जेव रं. आपले इवाई शाने हायत." एवढंच. महारुद्रनं घास घेतला. मांडव जेवला. आप्पाला वाटलं, पटलं.

पेटी बैलगाडीत नीलासंगं लोहाऱ्याला गेली. मागून आप्पा तार ताणायला म्हणून गेला, तर पेटी बळदात, धान्याच्या कोठीत, कडब्याशेजारी होती. आण्णासाहेबांनी चहा पाजला आणि शांतपणे म्हणाले, पोरगं बाजारात जातंय, जत्रंत जातंय, तुमचा रेडिओ घरीच ऱ्हातो. आप्पानं तरी माळवदावर चढून तार ताणली. नीला खाली अंगणात भांडी घासत होती. तिनं वर बघितलं नाही.

पंचमीला दगडोबा मुराळी म्हणून गेला आणि तिला घेऊन आला. पहिली पंचमी माहेरी, रीतच आहे. चार दिवस झोके घेतले, नागोबाला दूध-लाह्या झाल्या. पंचमी सरली की सासरचं माणूस न्यायला यावं. आलं नाही. पोळा झाला. गौरी बसल्या, उठल्या. द्वारकाबाई सकाळी अंगण झाडताना एसटीच्या वाटंकडं बघायची. विहिरीवर बाया विचारायच्या, नीला, अजून हायसच का? त्यातल्या सगळ्याच काही चांगल्या बुद्धीनं विचारत नव्हत्या.

आप्पा चावडीवर जात होता, पण कट्टा आता रिकामा राहायला लागला होता. गावात ट्रान्झिस्टर झाले होते, दोन, मग चार. संध्याकाळी ओट्याओट्यावरून तेच गाणं वाजायचं, थोडं पुढं-मागं. कट्ट्यावर म्हातारेच उरले. आप्पानं त्यांच्यापुढं आपलं जुनं मत काढलं, बघा म्या म्हनलो व्हतो. एक म्हातारा म्हणाला, "खरं हाय तुमचं. पर आप्पा, लेक कवा जानार हाय?"

दसरा झाला. द्वारकाबाईनं एके दिवशी दुकानात येऊन, गिऱ्हाईक गेल्यावर, दाराशी उभी राहून त्याला सांगितलं. आवाज न चढवता.

"पोरगी भाकर मोडून निम्मी पदराखाली ठिवती. आपलं खानं घराला जड जातंय आसं तिला वाटतंय. तुमाला कोलंबो ऐकू येतंय, ह्ये दिसत न्हाय व्हय?"

त्या दिवशी आप्पानं नीलाला जवळ बोलावलं. कधी विचारलं नव्हतं ते विचारलं, की बाई, तिकडं काय झालंय? ती चुलीपुढं बसून लाकूड सारत होती. सारतासारता म्हणाली, तार तर तुमी गेला त्याच दिशी त्येंनी काढली. पेटी मला डोस्क्यावर घिऊन गोठ्यात ठिवाय लावली. घरच्या पोरांनी तिची पाठ उघडली.

"आतल्या काचा काढून पोरं खेळत्यात आप्पा. सासू म्हनती, तुज्या बापानं आमाला काचाच दिल्या. ह्येनी मला म्हनलं, ट्रान्झिस्टर आन न्हायतर हिकडं यिऊ नगो."

आप्पा पुढं झुकला. त्याच्या तोंडून निघालं, "कंची काच काढली? मागची मोठी, का फुडची?"

नीलानं लाकूड हातात धरूनच त्याच्याकडं बघितलं. रागानं नाही. तसं बघणं आप्पानं दुकानात पुष्कळदा बघितलं होतं, मशीन दुरुस्त होत नाही म्हणून सांगितल्यावर माणसं बघतात तसं. मग ती उठून मागच्या दारानं गेली. चूल धुपत राहिली. द्वारकाबाई कोपऱ्यात धान्य निवडत होती, तिची बोटं थांबली आणि पुन्हा चालू झाली.

आपण काय विचारलं ते आप्पाला हळूहळू कळलं. तो तिथंच बसून राहिला. पुढं कैक सालं तो प्रश्न त्याच्या कानात वाजायचा, त्याच्याच आवाजात, अगदी स्वच्छ, खरखर नसलेला.

दुसऱ्या बाजाराआधी त्यानं लग्नात भाड्यानं द्यायचा आपला भोंगा आणि हैदराबादहून आणलेली हत्यारांची पेटी विकली. सोलापूरला गेला. ज्या दुकानातून तो सुटे भाग आणायचा तिथला मालक त्याची मतं वर्षानुवर्षं ऐकून होता. आप्पानं ट्रान्झिस्टर मागितला तेव्हा तो हसला. म्हणाला, "आप्पा, मडक्यातला भुंगा म्हणणारे तुमीच ना?"

"कव्हर चामड्याचं पायजे," आप्पा म्हणाला.

मालकानं दोन-तीन काढून ठेवले. ऐकून घ्या म्हणला, आवाजात फरक असतोय. आप्पा म्हणाला, "बांध." रेडिओ न ऐकता घेणारं असं एकच गिऱ्हाईक आपण बघितलं, आणि ते आप्पाच, असं तो मालक पुढं सगळ्यांना सांगायचा.

नीलाला घेऊन आप्पा स्वतः लोहाऱ्याला गेला. बाप लेकीला नेऊन घालतो हे काही रीतीचं नाही. सासरच्यानं न्यायला यावं लागतं. पण रीत बघण्याचे दिवस गेले होते. एसटीत ट्रान्झिस्टर तिच्या मांडीवर होता, द्वारकाबाईच्या जुन्या लुगड्याच्या फडक्यात. धक्के बसले की ती दोन्ही हातांनी तो आवळायची, जसं तान्हं लेकरू. कंडक्टर ओळखीचा निघाला. म्हणाला, आप्पा, लावा की एखादं गानं. आप्पा खिडकीबाहेर बघत राहिला. नीलानं सांगितलं, "दुसऱ्याचा हाय."

आण्णासाहेबांच्या ओसरीवर तो फडक्यातून निघाला. आण्णासाहेबांनी उजव्या हातानं घेतला, उलटसुलट केला आणि पोराकडं दिला. तेच मानानं घेतल्यासारखं होतं. नीला पदर सारखा करून आत गेली. महारुद्रनं पट्टा खांद्याला लावला, उंची बघितली, एक कडी कमी केली. मग बटण पिळलं. कोलंबो लागलं. त्यानं आवाज होता तेवढा सगळा वाढवला आणि ट्रान्झिस्टर खुंटीला अडकवून तो खाली ऐटीत बसला. गडीमाणसं दाराशी जमली.

रेडिओ नीट लागला नव्हता. गाण्याखाली दुसरंच कुठलं तरी स्टेशन बोलत होतं, आणि दोघांच्या मधून शिट्टी. बटण केसभर उजवीकडं घेतलं की साफ. आप्पाला ते बसल्या जागी समजलं. दाताखाली खडा यावा तसं त्याला ते होत होतं. पण त्याच वेळी त्याला आणखी काही ऐकू येत होतं, नीट येत नव्हतं. आतल्या घरातून सासूचा आवाज चढला होता. काहीतरी पितळेचं दगडावर पडलं. मग नीलाचा आवाज, बारीक, तुटका. मग पुन्हा सासू. शब्द कळत नव्हते. मधी गाणं होतं आणि गाण्याखाली शिट्टी.

आवाज जरा बारीक केला असता तर ऐकू आलं असतं.

आप्पाचा हात उठला. आयुष्यभर जो हात न विचारता बटणावर गेला होता तो खुंटीपर्यंत गेला. आण्णासाहेब पानाला चुना लावत होते. ते वर न बघता म्हणाले, "ऱ्हाऊ द्या इवाई. जावायाचं हाय."

आप्पानं हात खाली घेतला. मांडीवर ठेवला. चहा आला, तो प्याला. गाणं संपून साबणाची जाहिरात लागली तेव्हा महारुद्र मान डोलवत होता.

निघताना नीला पाण्याचा तांब्या घेऊन ओसरीच्या दाराशी आली. आप्पानं पाणी घेतलं. ती काहीतरी बोलली. दोन-तीन शब्द. तिचे ओठ हलताना त्याला दिसले. वर खुंटीला ट्रान्झिस्टर फुटेस्तोवर वाजत होता. काय म्हणालीस, असं जावयापुढं, सासऱ्यापुढं विचारावं असं त्याला वाटलं नाही. त्यानं मान डोलवली. व्हय म्हणल्यासारखी. नीलानं त्याच्याकडं क्षणभर बघितलं, रिकामा तांब्या घेतला आणि ती आत वळली.

पूर्ण वाट तो ते ओठ आठवत होता. आयला सांगा, म्हणली का? पुन्हा या, म्हणली? का न्या, म्हणली? आणि आपण मान डोलवली ती कशाला? एसटीत माणसं बोलत होती, त्यातलं त्याला काही ऐकू गेलं नाही. घरी आल्यावर द्वारकाबाईनं विचारलं, काय म्हनली? तो म्हणाला, बरी हाय.

पुढच्या पंचमीला दगडोबा मुराळी म्हणून गेला आणि एकटाच परत आला. काम लई हाय, पाठवता येणार न्हाय, असं आण्णासाहेबांनी सांगितलं होतं. त्याच्या पुढच्या पंचमीलाही तेच. नीलाला बघूही दिलं नाही, ती रानात गेली म्हणले. आप्पाचं दुकान चालू राहिलं, हत्यारं दुसऱ्याची उसनी, काम थोडं. चावडीचा रेडिओ एकदा बंद पडला तो पडला. आप्पानं तो उघडला नाही आणि कुणी उघड म्हणलंही नाही. मतं देणं त्यानं सोडलं. कुणी नवा रेडिओ दाखवायला आणला की तो हातात न घेता म्हणायचा, चांगला हाय.

लोहाऱ्याकडनं निरोप मात्र यायचा. एसटीच्या त्याच कंडक्टरच्या हाती. निरोप एकच असायचा, सेल संपलं. आप्पा बाजारातून नवे सेल आणायचा, कागदात बांधायचा आणि कंडक्टरला द्यायचा. रेडिओ एकदाच इकायचा आन बॅटरी जलमभर, असं चावडीवर तोच म्हणायचा. आता ते कुणाच्या ध्यानात नव्हतं, त्याच्या होतं. कंडक्टरला तो दर बारीला विचारायचा, आजून काय सांगितलंय? कंडक्टर म्हणायचा, न्हाय आप्पा, सेलच म्हणले.

पहिल्यांदा हे निरोप बऱ्याच अंतरानं यायचे. मग लवकर लवकर यायला लागले. सेल किती वाजवल्यावर किती टिकतो हे त्याच्याइतकं त्या भागात कुणाला ठाऊक नव्हतं. दुकानात एकटा बसून तो हिशेब करायचा. पहाटेपासून लावत असणार. निजेपर्यंत बंद करत नसणार. आणि बटण अगदी टोकाला.

निरोप आला की द्वारकाबाई दाराशी यायची. पोरीचं काय कळलं का, म्हणून विचारायची.

आप्पा कागदाला दोरा गुंडाळत म्हणायचा, "रेडिओ लई वाजतुया."